टरबूज पिकलं का? आधी बघा, मग वाजवा

(सामुदायिक रेडिओवर सादर झालेलं भाषण)



ऊन चढायला लागलं की आपल्या नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर टरबुजाचे ढीग दिसायला लागतात. लोह्याचा बाजार असो, उदगीरचा असो, नांदेडचा इतवारा असो की सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात ती लातूरची गंजगोलाई असो, हिरव्या फळांच्या राशी सगळीकडं सारख्याच. आपण त्यातलं एक उचलतो, दोन टिचक्या मारतो आणि विचारतो, "मामा, गोड निघल का?" मामा म्हणतात, "साखर हाय ताई, साखर!" घरी येऊन कापावं तर आत पांढरं फटक.

पन्नास-साठ रुपये गेले, असं म्हणून आपण ते सोडून देतो. पण दिवसभर निंदायला गेलेल्या बाईच्या रोजातले पन्नास रुपये थोडे नसतात. आणि ज्या गटातल्या बाया टरबूज विकत घेऊन पुन्हा विकतात, त्यांची तर सगळी कमाई या एकाच गोष्टीवर ठरते. म्हणून आज फक्त एवढंच बोलायचं आहे: पिकलेलं टरबूज आणि पिकलेलं खरबूज ओळखायचं कसं, आणि ती खूण खरी का आहे.

घरी ठेवून टरबूज पिकत नाही

सगळ्यात आधी ही गोष्ट मनात पक्की करा. आंबा कच्चा आणला तरी आढीत पिकतो. केळी पिकते, चिकू पिकतो. टरबूज तसं नाही. वेलावरून तोडलं त्या घडीला त्यात जेवढी साखर होती, तेवढीच राहते. गव्हात पुरा, पोत्यात गुंडाळा, माळवदाखाली आठ दिवस ठेवा, ते गोड होणार नाही.

याचं कारण सोपं आहे. कच्च्या आंब्यात, कच्च्या केळ्यात पिठूळ साठा असतो, तोडल्यानंतर त्याची साखर होते. टरबुजात असा साठाच नसतो. त्याची साखर पानांत तयार होते आणि देठातून फळात येते. देठ तुटला की वाट बंद. म्हणून टरबुजाच्या बाबतीत बाजारातली निवड हीच शेवटची निवड.

मग कच्चं फळ बाजारात येतं तरी कशाला? एक तर एका वेलावरची सगळी फळं एका दिवशी धरलेली नसतात. फूल धरल्यापासून फळ पिकायला साधारण ३० ते ४० दिवस लागतात. पहिलं फळ तयार होतं तेव्हा मागून धरलेलं आठ-दहा दिवस मागं असतं. पण व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी राहिली की सगळा प्लॉट एकदम तोडला जातो. दुसरं, हंगामाच्या तोंडाला भाव चांगला असतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, तो आता थंडी सरता सरता येऊ लागला आहे. रोजा सोडायला टरबूज लागतंच, मागणी वाढते, आणि थंडीत सावकाश वाढलेली फळं चार दिवस आधीच तोडली जातात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला जास्त पारखून घ्या. चैत्र-वैशाखात फसायची भीती त्यामानानं कमी.

पहिली खूण : जमिनीला टेकलेली बाजू

टरबूज उचललं की पहिल्यांदा ते उलटं करा. एका बाजूला फिकट डाग दिसेल. फळ शेतात ज्या अंगावर पडून होतं, तो हा डाग. तिथं ऊन लागत नाही, म्हणून हिरवा रंग येत नाही. फळ कोवळं असतं तेव्हा हा डाग पांढरट किंवा हिरवट असतो. जसजसं ते वेलावर पिकतं, तसतसा डाग पिवळा होत जातो, सायीसारखा, पुढं लोण्यासारखा.

डाग पांढरा असेल तर फळ खाली ठेवा. पिवळा असेल तर पुढच्या खुणा बघा. सगळ्या खुणांत ही सगळ्यात भरवशाची, कारण विकणाऱ्याला ती पुसता येत नाही आणि रंगवताही येत नाही.

आता पुष्कळ शेतकरी मल्चिंग पेपर अंथरून, ठिबकवर टरबूज घेतात. प्लास्टिकच्या कागदावर वाढलेल्या फळाचा डाग मातीवरच्या फळापेक्षा कधी कधी फिका दिसतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका, दोन-तीन खुणा जुळवून बघा.

दुसरी खूण : चमक गेलेली असावी

आपल्याला चकचकीत वस्तू आवडते. टरबुजात ती फसवते. कोवळ्या फळाची साल चकाकते, पिकलेल्या फळाची साल मंद होते, थोडी धुरकट दिसते. काही जण ओल्या फडक्यानं फळ पुसून मांडतात, त्यामुळं उन्हात सगळीच चमकतात. फळ हातात घेऊन सावलीत बघा.

तिसरी खूण : वजन

सारख्याच आकाराची दोन फळं दोन हातांत घ्या. जड असेल ते निवडा. यातलं एक बारीक अंतर ध्यानात ठेवा: जड असलं म्हणजे गोड असेलच, असं नाही, कारण कच्चं फळही जड असतं. पण हलकं फळ बहुधा आतून पोकळ, फाटलेलं किंवा फार दिवस पडून सुकलेलं असतं. म्हणजे वजन आपल्याला वाईट फळ टाळायला मदत करतं. टरबुजात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. ते पाणी उडालं की फळ हलकं होतं.

चौथी खूण : आवाज

आता टिचकी. सगळ्या जणी टिचकी मारतो, पण ऐकायचं काय ते फार थोड्यांना ठाऊक असतं. हात मोकळा असेल तर आत्ताच करून बघा. बोटाच्या पेरानं आधी कपाळावर वाजवा. मग छातीवर. मग पोटावर. तीन वेगळे आवाज आले ना? कपाळासारखा टणटणीत आवाज आला तर फळ कच्चं. छातीसारखा भरीव, थोडा घुमणारा आवाज आला तर पिकलेलं. पोटासारखा मऊ, मेलेला आवाज आला तर फळ उतरलेलं, आतून पिठाळ झालेलं.

कच्च्या फळाचा गर घट्ट असतो, म्हणून तो टणकावतो. पिकताना गर सैल आणि रसाळ होतो, त्यामुळं आवाज खाली उतरतो. पण बाजाराच्या गलक्यात हा फरक कळायला कान तयार व्हावा लागतो. म्हणून आवाज शेवटी. आधी बघा, मग उचला, मग वाजवा.

देठाचं काय?

"देठ वाळलेला असेल तर फळ पिकलेलं," असं पुष्कळ जणी म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. तोडून दोन दिवस उन्हात पडलेल्या कच्च्या फळाचाही देठ वाळतो. खरी खूण देठाजवळच्या तणाव्याची आहे. फळाच्या देठापाशी वेलाला जो पिळदार तंतू असतो, तो वेलावरच वाळून तपकिरी झाला की फळ तयार. पण ही खूण शेतातच दिसते, बाजारात तणावा येत नाही. ज्या बाया टरबूज तोडायला जातात, त्यांनी ही खूण जरूर बघावी: तणावा हिरवा असेल तर त्या फळाला अजून वेळ आहे.

खरबुजाची पारख वेगळी

खरबूज, कुणी त्याला डांगर म्हणतं, ते टरबुजाच्याच कुळातलं, पण स्वभावानं वेगळं. टरबुजाला वास नसतो, खरबूज वासानं ओळखायचं. देठाच्या उलट्या टोकाला, जिथं फूल होतं तिथं, नाक लावा. गोड वास आला तर पिकलेलं. वासच नाही तर कच्चं. आंबूस, दारूसारखा वास आला तर उतरलेलं.

त्याच टोकाला अंगठ्यानं हलकं दाबा. जरासं दबलं पाहिजे. अंगठा आत जायला लागला तर ते नको. जाळीच्या सालीचं खरबूज असेल तर जाळी उठावदार हवी आणि जाळीच्या मधला रंग हिरव्याचा पिवळसर झालेला हवा. अशी खरबुजं पिकली की देठ आपसूक सुटतो आणि तिथं गोल, स्वच्छ खळगा राहतो. देठ कापलेला किंवा ओढून तोडलेला असेल तर फळ वेळेआधी काढलेलं असू शकतं. मात्र 'हरा मधू'सारख्या वाणाचा गर हिरवाच असतो. तो कापून हिरवा निघाला म्हणून कच्चा समजू नका.

जाळीचं खरबूज घरी एक-दोन दिवस ठेवलं तर मऊ होतं, वासही वाढतो. पण त्याची गोडी काही वाढत नाही. म्हणजे थोडं टणक असेल तर चालेल, पण वेलावर तयार झालेलंच हवं.

आणि एक जपायची गोष्ट. टरबूज, खरबूज, काकडी, दुधी या कुळातलं कोणतंही फळ चक्क कडू लागलं तर पहिला घास थुंकून टाका आणि फळ फेकून द्या. पैसे गेले म्हणून खाऊ नका, लेकरांना तर मुळीच देऊ नका. तो कडूपणा पोटाला बाधतो.

वाण बदललं की खूण बदलते

'शुगर बेबी' हे गोल, काळपट हिरवं, लहान फळ. 'असाही यामाटो' फिक्या हिरव्या सालीचं. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का माणिक' पट्ट्यापट्ट्यांचं. आता तर बाहेरून पिवळं आणि आतून लाल, किंवा बाहेरून हिरवं आणि आतून पिवळं, अशीही टरबुजं येतात. साल मुळातच पिवळी असेल तर पिवळ्या डागाची खूण चालत नाही, तिथं वजन आणि आवाजच बघावा लागतो. आतून पिवळं निघालं तर विकणाऱ्यावर ओरडण्याआधी एक फोड चाखून बघा.

गोल फळ गोड आणि लांबट फळ पाणचट, हेही खरं नाही. आकार वाणाचा असतो. मात्र वेडंवाकडं, एका अंगाला फुगलेलं फळ टाळा. टरबुजाचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात मधमाश्यांनी पुरेसे फेरे घातले नाहीत तर फळ एका बाजूला नीट भरत नाही. म्हणून ज्यांच्या शेतात टरबूज आहे, त्यांनी फुलोऱ्यात सकाळची फवारणी टाळावी. मधमाशी मेली की फळही गेलं.

मोबाईलवरच्या गोष्टी

मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो: नर टरबूज पाणचट, मादी टरबूज गोड. मैत्रिणींनो, नर-मादी असतं ते फूल. फळ नर फुलाला धरतच नाही. त्यामुळं नर टरबूज नावाचं काही नसतं.

दुसरा व्हिडिओ इंजेक्शनचा. "टरबुजात लाल रंग टोचतात," असं ऐकून पुष्कळ घरांत टरबूज आणणंच बंद झालं. जरा विचार करू. सुईनं टोचलेला रंग एका जागी साचतो, सगळ्या गरात सारखा पसरत नाही. शिवाय टोचलेलं फळ उन्हाळ्यात लवकर नासतं, मग व्यापारी ते साठवणार कसं? सालीवरची बारीक छिद्रं बहुतेक वेळा फळमाशीची असतात. गर मधोमध फाटलेला दिसतो, तोही इंजेक्शनमुळं नाही. परागीकरण नीट झालं नाही, हवा-पाणी कमीजास्त झालं की तसं होतं. ते फळ खायला चालतं.

तरी मनात शंका असेल तर केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सांगितलेली साधी चाचणी करा. फळ कापून गरावर कापसाचा बोळा घासा. बोळा लालभडक झाला तर ते फळ खाऊ नका आणि अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा. रसाची फिकी गुलाबी झाक तेवढी येणारच, तिला घाबरू नका. २०२५ च्या उन्हाळ्यात तमिळनाडूत रंगाच्या अशाच बातमीनं टरबुजाची विक्री पडली आणि शेतकरी अडचणीत आले. व्हिडिओ पुढं ढकलताना एवढं आठवा की टरबूज पिकवणारी बाई आपल्याच शेजारच्या गावची असते.

गटाचा हिशेब

ज्या गट म्हणून टरबूज विकतात, त्यांच्यासाठी एक हिशेब. समजा, गटानं १०० किलो माल १२ रुपयांनी घेतला. १,२०० रुपये झाले. टेम्पोचं भाडं १५० रुपये. विकायचा भाव १८ रुपये. सगळा माल गेला तर १,८०० आले आणि ४५० हाती राहिले. पण २५ किलो कच्चा निघाला आणि गिऱ्हाइकानं परत केला, तर ७५ किलोचे १,३५० आले. खर्च १,३५०. दोन बायांचा दिवसभर उन्हात बसून हिशेब शून्य.

म्हणून शेतकऱ्याकडून माल उचलताना ढीग एकदम घेऊ नका. ढिगातलं वरचं एक, मधलं एक, तळचं एक, अशी तीन फळं त्यांच्यासमोर कापा. तिन्ही चांगली निघाली तरच बोला. पांढऱ्या डागाची फळं बाजूला काढायची, ही अट भाव ठरायच्या आधी सांगा, नंतर नाही. तोडणी आपल्या समोर होत असेल तर सकाळच्या गारव्यात करा, फळ ओढू नका, दोन बोटं देठ ठेवून कापा. शेत आपलंच असेल तर तोडणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करा. शेवटी भरपूर पाणी पाजलं की वजन वाढतं, पण फळ पाणचट होतं आणि तडकतं.

विकताना "कापून देण्याच्या बोलीवर" विका. त्रिकोणी फोड काढून दाखवा, पसंत पडलं तर द्या. मात्र असं टोचा काढलेलं फळ त्याच दिवशी खाऊन टाकायला सांगा. आणि घेणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही एक जपा: नखानं साल ओरबाडू नका, फळ आपटू नका. तुम्ही टाकून दिलेलं फळ त्या मामाला, त्या चाचाला कुणाला तरी विकायचं असतं.

घरी आणल्यावर

न कापलेलं टरबूज सावलीत, वाऱ्याच्या जागी आठवडाभर सहज टिकतं. फ्रीज लागत नाही. कापायच्या आधी मात्र साल पाण्यानं चोळून धुवा. साल आपण खात नाही, मग धुवायची कशाला? कारण सुरी सालीतून गरात जाते आणि सालीवरची घाण, जंतू आत ओढून नेते. २०११ साली अमेरिकेत खरबुजावरच्या जंतूंमुळं मोठी साथ आली होती आणि ३३ माणसं दगावली होती. जाळीच्या सालीत माती अडकून राहते, म्हणून खरबूज जास्त चोळून धुवा.

कापलेलं फळ उन्हाळ्यात तासाभरात खाऊन टाका, नाही तर झाकून फ्रीजमध्ये ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो, त्या उष्म्यात जंतू फार वेगानं वाढतात. रस्त्यावर कापून, बर्फावर मांडलेल्या फोडी लेकरांना देऊ नका. त्याच पैशात लहानसं अख्खं फळ घ्या. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर एक-दोन फोडी पुरे. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

आणि काही वाया घालवू नका. हिरवी साल तासून आतला पांढरा भाग किसला की त्याची कोशिंबीर होते, थालीपिठात जातो, दुधीसारखी भाजीही होते. टरबूज कच्चं निघालं तर तेही असंच भाजीत घाला, म्हणजे पैसे अगदीच पाण्यात जात नाहीत. खरबुजाच्या बिया धुऊन वाळवा, सोलल्या की तोच मगज दुकानात महाग मिळतो. उरलेली साल शेळीला.

पुढच्या बैठकीसाठी एक काम

ऐकून जेवढं कळतं त्यापेक्षा हाताळून जास्त कळतं. गटाच्या पुढच्या बैठकीला वर्गणी काढून तीन टरबुजं आणा. एकाचा डाग पांढरा, एकाचा सायीसारखा, एकाचा चांगला पिवळा. कापायच्या आधी प्रत्येकीनं उचलून, वाजवून कोणतं गोड ते सांगायचं आणि कुणी तरी वहीत लिहून घ्यायचं. मग कापा आणि चाखा. कुणाचा अंदाज बरोबर आला ते बघा. एवढं एकदा केलं की पुढं बाजारात "गोड निघल का?" असं विचारायची वेळ येणार नाही.

जाता जाता पुन्हा एकदा सांगते. डाग पिवळा, चमक मंद, हाताला जड, आवाज छातीसारखा. खरबुजाला वास. आणि कापायच्या आधी धुवा. टरबूज खाल्लं तरी उन्हाचं पाणी प्यायला विसरू नका, शेतात जाताना बाटली सोबत ठेवा.

येते मैत्रिणींनो. पुढच्या आठवड्यात याच वेळेला भेटू.